भाल्याचं टोक

आमच्या हिर्झेनरोडच्या ढालीवर, म्हणजे गावाच्या मानचिन्हावर, भाला आहे, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. रुपेरी ढाल, मधोमध काळा भाला, एका अंगाला ओकची हिरवी फांदी, दुसऱ्या अंगाला गिरणीचं लाल चाक. बंबवाल्यांच्या झेंड्यावर तीच ढाल, बिअरच्या मगांवर तीच, फुटबॉल खेळणाऱ्या पोरांच्या छातीवर तीच. आमच्या पूर्वजांनी असल्याच भाल्यांनी स्वीडनच्या सैन्याला ओढ्यापलीकडे पिटाळलं, असं ही पोरं पाहुण्यांना ठणकावून सांगतात. कोणी कोणाला पिटाळलं नाही. त्या भाल्याला टोक लावलं ते मी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पंचायतीच्या टाइपरायटरवर, दुपारी साडेतीनच्या सुमाराला.

माझे वडील, आल्फोन्स क्राउटवाल्ड, सिलेशियात शाळामास्तर होते. जर्मनी दुसरं महायुद्ध हरल्यावर तो मुलूख पोलंडकडे गेला आणि आमच्यासारख्या जर्मनांना तिथून काढलं. शेहेचाळीसच्या मे महिन्यात बाबा इथल्या स्टेशनावर उतरले आणि नऊ किलोमीटर चालत गावात आले. पाठीवर रुकसॅक, हातात हेझलची काठी, मागून आई आणि तिच्या कडेवर मी. सरकारने आम्हाला डिपेलांच्या शेतावर जागा दिली, म्हणजे डुकरांचं खाणं शिजवायच्या खोलीवरचा माळा. म्हातारी डिपेलबाई आम्ही पाणी जास्त ओढू नये म्हणून पंपाचा दांडा काढून स्वतःच्या स्वयंपाकघरात टांगून ठेवायची. पाणी हवं असलं की आईने दार वाजवायचं, दांडा मागायचा आणि परत नेऊन द्यायचा. मी सात वर्षांची असताना आई गेली. तोवर तिने तो दांडा किती वेळा मागितला असेल कोण जाणे.

आम्हा लोकांना गावात नाव होतं: रुकसॅकवाले. बाबांना पुढे शाळेत नोकरी मिळाली, शाळेमागची दोन खोल्यांची जागा मिळाली, गावातल्या अर्ध्या पोरांना त्यांनी लिहायला शिकवलं. तरी ते रुकसॅकवाले मास्तरच राहिले. त्यातून आम्ही कॅथलिक आणि गाव प्रोटेस्टंट. माझं बोलणं तर पक्कं इथलं होतं, पण दुकानात गेले की, "ही कोणाची गं?" "ती नाही का, रुकसॅकवाल्यांची." हे माझ्या समोर, मी बहिरी असल्यासारखं.

मग शेजारच्या आशेनहाइनला ढाल मिळाली. पिवळ्यावर लाल कोंबडा. त्यांच्या जत्रेत तो कोंबडा झेंड्यावर फडफडताना पाहून आमचे सरपंच, त्याच शेतावरचे विल्हेल्म डिपेल, जे चिडले, ते घरी येईपर्यंत धुमसत होते. दुसऱ्या दिवशी पंचायतीत म्हणाले, "त्या कोंबडेवाल्यांना ढाल, आणि आपण काय शेणाची पाटी मिरवायची? आठशे वर्षं इथे बसलोय आपण. डिपेल इथे होते तेव्हा आशेनहाइनात नुसती दलदल होती!"

ढाल मागायची तर शहरातल्या सरकारी दप्तरखान्याला गावचा इतिहास लिहून द्यावा लागतो. जुन्या वळणाचं अक्षर वाचता येणारा गावात एकच माणूस होता. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, त्यातलं गाढव आम्ही होतो. सरपंच स्वतः आमच्या दारात आले, टोपी काढून उभे राहिले. "मास्तर, हे काम तुमच्याशिवाय कोणाच्या बापाला जमायचं नाही." बाबा त्या दिवशी इतके खूश झाले की त्यांनी सरपंचांना आमची एकुलती एक चांगली खुर्ची बसायला दिली आणि स्वतः लाकडाच्या पेटीवर बसले. मला राग आला होता. त्यांना एवढ्याशाने आनंद व्हावा याचा राग.

दोन हिवाळे ते पाद्रीबाबांच्या घरी जुन्या वह्या चाळत बसले. जेवताना मला शिकवायचे. बटाट्याच्या सुपाची रिकामी थाळी पुढ्यात उभी धरायचे.

"ही ढाल. उजवी बाजू कुठली, सांग."

मी माझ्या उजव्या हाताकडे दाखवायची.

"चूक! तू समोरून बघतेयस. ढाल बघणाऱ्याची नसते, रोझेल, धरणाऱ्याची असते. मागे जो उभा आहे त्याचा उजवा हात तो ढालीचा उजवा. ढाल नेहमी मागून वाचायची."

"आणि बाबा, चित्र वाकडंतिकडं आलं तर?"

"येऊ दे की. चित्र म्हणजे ढाल नव्हे. ढाल म्हणजे शब्द. दप्तरखान्यात मंजूर होतं ते वर्णन. शब्द बरोबर असले की कुठलाही रंगारी कुठेही, केव्हाही तीच ढाल काढेल. आणि शब्द चुकला, तर देवाने येऊन चित्र काढलं तरी ढाल चुकीची."

मला त्यांचं हे बोलणं तेव्हा आवडायचं. मी नुकतीच पंचायतीच्या कचेरीत टंकलेखक म्हणून लागले होते आणि शब्द म्हणजेच सगळं हे ऐकून मला माझ्या कामाचा अभिमान वाटायचा.

एका शनिवारी ते वहीतून उतरवलेला कागद घेऊन घरी आले. तीस वर्षांच्या लढाईत हिर्झेनरोड जळालं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण किती, हे कोणी वाचलं नव्हतं. सोळाशे एक्कावन्नमध्ये अख्ख्या गावात उरली होती एक विधवा आणि एक वेडसर गुराखी. दोघांनाही मूलबाळ नव्हतं. आणि पुढच्या वर्षी पाद्र्याने लिहिलं होतं: स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या डोंगरांकडून अकरा कुटुंबं आली, पायी, काठी आणि झोळी घेऊन. खाली अकरा नावं. आजच्या गावातली सगळी मोठी घरं त्यात होती. पहिलं नाव होतं हान्स डिपेल, बायकोसह.

"रुकसॅकवाले!" मी ओरडले. "बाबा, हे सगळे रुकसॅकवाले!" हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "उद्याच दुकानात लावू या हा कागद."

बाबा हसले नाहीत. "लाजवायला नाही शोधलं मी हे," ते म्हणाले. "त्या हान्सलाही कोणीतरी पंपाचा दांडा दिला असेल की नाही? मला ती काठी ढालीवर हवी. कोणाला काही बोलायचं नाही. फक्त काठी तिथे असली की झालं. मग ती त्यांचीही आणि आपलीही."

एवढंच मागत होता माझा बाप. अठरा वर्षं ज्या गावात राहिला, त्या गावाच्या ढालीवर एक काठी.

नमुन्याला त्यांनी स्वतःचीच हेझलची काठी घेतली. टेबलावर आडवी ठेवून पट्टीने मोजली आणि त्या मापात चित्र काढलं. पंचायतीसमोर वर्णन वाचून दाखवलं: रुपेरी ढालीवर उभी, वाटसरूची काळी काठी, उजवीकडे ओकची हिरवी फांदी, डावीकडे गिरणीचं लाल चाक. काठी कशासाठी, असं कोणी तरी विचारलं. बाबा म्हणाले, "गाव मोठी वाट चाललंय म्हणून." सातही जणांनी माना डोलावल्या, हात वर केले आणि सफरचंदाच्या वाइनची सुरई मागवली. कोंबड्यापेक्षा बरं दिसेल, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

पंधरा दिवसांनी बाबांचा लिहिलेला इतिहास सरपंचांच्या हातात पडला. आपल्या घराचं नाव कुठे येतं ते बघायला त्यांनी पानं उलटली असणार. ते आलं सत्तेचाळिसाव्या पानावर.

त्या दुपारी ते कचेरीत आले आणि दार लावून घेतलं. दप्तरखान्याकडे जायचा अर्ज माझ्या मशीनमध्येच होता. सरपंच माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर टेकले. रागात नव्हते. रागात असते तर बरं झालं असतं, मला भांडता येत होतं.

"रोझेल, तुझं आणि आमच्या हाइनरचं काय चाललंय ते मला ठाऊक आहे बरं का."

हाइनर त्यांचा धाकटा. त्या डुकरांच्या खोलीपासून आम्ही एकत्र वाढलो होतो. दोन वर्षं लपून भेटत होतो.

"पोरगी तू कामाची आहेस. मला काही अडचण नाही. पण हाइनरची आई! ती म्हणते, रुकसॅकवाली माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही, आली तर मी बाहेर. आता तिला समजवायचं कोणी? मीच ना?" त्यांनी अर्जाकडे बोट केलं. "हे वाटसरूची काठी म्हणजे काय गं? भिकारड्यासारखं दिसतं. आशेनहाइनवाले काय म्हणतील? हिर्झेनरोडच्या ढालीवर भीक मागायची काठी!"

"पंचायतीने मंजूर केलंय, सरपंच."

"केलंय ना. परत बोलावली पंचायत तर का म्हणून सांगावं लागेल. ते पान वाचावं लागेल. तुझ्या बापाचीच शोभा होईल त्यात. रुकसॅकवाला येतो आणि आम्हाला शिकवतो आम्ही कुठून आलो ते! लोक काही दगड मारणार नाहीत, पण नमस्कार करायचे बंद होतील. म्हातारपणी सोसेल त्याला?" मग आवाज अगदी मऊ करून म्हणाले, "एक शब्द, पोरी. काठी उभी काळी, भालाही उभा काळा. चित्र पाठवायचंच नाही. तुझा बापच म्हणतो ना, शब्द म्हणजे ढाल?"

हात दगडाखाली होता, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. हात टाइपरायटरवर होता आणि माझाच होता. मी नवा कागद लावला, मध्ये कार्बन घातला आणि वाटसरूच्या काळ्या काठीच्या जागी काळा भाला टाइप केला. बापाला अपमानापासून वाचवतेय, असं एक मन म्हणत होतं. दुसऱ्या मनाला लग्नाचा टेबलक्लॉथ दिसत होता. कुठलं मन मोठं होतं ते मला माहीत आहे.

दप्तरखान्याला वर्ष लागलं. बाबा दर महिन्याला विचारायचे, "आलं का काही?" मी म्हणायची, "सरकारी काम, बाबा." पासष्टच्या जुलैत झेंडा शिवून आला तो थेट सरपंचांच्या घरी, आणि उघडला तो बंबवाल्यांच्या जत्रेत, सगळ्या गावासमोर. बाबांनी काळा सूट घातला होता. बुटांना मी पॉलिश करून दिलं होतं. हातात काठी होतीच. त्या दिवशी त्यांनी तिलाही तेल लावलं होतं.

बँड वाजला, दोरी ओढली गेली. काळ्या दांड्याच्या वर लांब, धारदार टोक होतं. कोणा हुशार रंगाऱ्याने त्याच्या कडेला चांदीची बारीक रेघही दिली होती.

सरपंच चौथऱ्यावर चढले. उचलली जीभ लावली टाळ्याला. "हा भाला! स्वीडनवाले गाव जाळायला आले, तेव्हा आपल्या बापजाद्यांनी याच भाल्यांनी त्यांना त्या ओढ्यात लोळवलं! कोणी पळालं नाही! आठशे वर्षं आपण इथून हललो नाही!" टाळ्या पडल्या. "आणि हे सगळं शोधून काढलं आपल्या मास्तरांनी. मास्तर, उठा, लाजू नका!"

बाबा उठले. टोपी काढली, सगळीकडे वळून मान लववली आणि बसले. मी सॉसेजच्या टेबलामागे उभी होते. मला वाटलं ते माझ्याकडे बघतील. ते झेंड्याकडे बघत राहिले. मग काठी बाकाखाली सरकवली, कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून.

सोमवारी आठ वाजता ते कचेरीत आले. मी एकटीच होते. "गावकरी म्हणून मला अर्जाची नक्कल बघायचीय," ते म्हणाले. परक्या माणसाशी बोलावं तसं. मी कपाटातून कार्बनची प्रत काढून दिली. त्यांनी चष्मा लावला आणि उभ्यानेच पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. वह्या तपासताना फिरायचं तसं बोट ओळीवरून फिरत होतं. भाल्यापाशी ते थांबलंसुद्धा नाही. मला वाटत होतं त्यांनी मारावं, ओरडावं, काहीही करावं.

त्यांनी कागद न दुमडता टेबलावर ठेवला.

"एकही चूक नाही," ते म्हणाले. "स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. छान टाइप केलंयस."

आणि गेले. ऑक्टोबरात माझं लग्न होतं. मला एकवीस पूर्ण नव्हती, त्यामुळे कागदावर बापाची सही लागायची. त्यांनी ती केली, सुबक अक्षरात. लग्नात डिपेलांच्या नातेवाइकांमध्ये बसले, प्लमचा केक खाल्ला, सासूबाईंना केक छान झालाय म्हणाले. एकदाच मी विषय काढला. लग्नानंतर आठवड्याभराने त्यांच्याकडे गेले आणि "बाबा, ती ढाल..." एवढंच म्हणाले, तर ते म्हणाले, "दूध उतू जातंय बघ." दूध उतू जात नव्हतं. निघताना त्यांनी ती हेझलची काठी माझ्या हातात दिली. "घेऊन जा. शेंगांच्या वेलाला आधाराला होईल." सासूबाईंनी ती लगेच वाफ्यात रोवली. दोन हिवाळ्यांत ती कुजली.

त्यांचा इतिहास पुस्तक म्हणून छापून आला तेव्हा त्यात सत्तेचाळिसावं पान नव्हतं, त्याऐवजी गावच्या ओकवनाची माहिती होती. बाबांनी पुस्तकावर आपलं नाव घालू दिलं नाही. गावाला तो विनय वाटला.

पुढे बहात्तर साली सरकारने आमचं गाव, आशेनहाइन आणि आणखी पाच गावं मिळून एक मोठी पंचायत केली. सरपंचपद गेलं, कचेरी गेली, ढालही कागदोपत्री संपली. तेव्हापासून तर भाल्याला जास्तच ऊत आला. हातचं गेल्यावर माणसाला त्याची हौस येते. गाड्यांच्या काचांवर भाला, दारावर भाला. माझी मोठी मुलगी शाळेतून आली आणि म्हणाली, "आई, आपल्या डिपेलांचा पणजोबा स्वीडनवाल्यांशी लढला होता ना?" मी तिला हात धुवायला पाठवलं. शेजारी सासूबाई होत्या.

बाबा एक्क्याऐंशीच्या मार्चमध्ये गेले. सगळं गाव आलं. झेंडा आला, बंबवाले आले, म्हातारे विल्हेल्म डिपेल चाकाच्या खुर्चीत आले आणि खरंच रडले. गावाच्या मंडळाने ठरवलं की मास्तरांच्या थडग्यावरच्या दगडावर ढाल कोरायची, मंडळातर्फे. "आपल्या ढालीचा बाप होता तो," हाइनर मला म्हणाला. "पक्का गावचा माणूस झाला होता शेवटी." माझा नवरा चांगला माणूस आहे. हेच तर अवघड आहे.

दगड कोरणारा दूरच्या शहरातला होता. त्याने फोनवर सांगितलं, "बाई, चित्र असो नसो, मला लिहून पाठवा. मी लिहिलेलं कोरतो. नंतर भांडण नको."

घर रिकामं होतं. मी जुना टाइपरायटर माळ्यावरून खाली आणला. नाव, दोन तारखा, शाळामास्तर. मग सतरा वर्षांपूर्वीच टाइप करायला हवं होतं ते टाइप केलं: उभी, वाटसरूची काळी काठी; उजवीकडे फांदी, डावीकडे चाक. उजवं-डावं दोनदा तपासलं. पाकीट मी स्वतः टपालात टाकलं आणि घरी येताना मोठ्याने रडले. आयुष्यात पहिल्यांदा बाबांसाठी काहीतरी नीट केलं, असं वाटत होतं.

जूनमध्ये दगड बसला. मी एकटीच बघायला गेले. फांदी, चाक, आणि मधोमध साधी काठी, वर किंचित वाकलेली. त्या माणसाने न बघता अगदी बाबांची काठी कोरली होती. मी दगडाला हात लावून उभी राहिले. आता कोणी काही विचारलं की सांगून टाकायचं, असं मी ठरवलं. कागदासकट सांगायचं, सत्तेचाळिसावं पान माझ्या कपाटात होतं.

पुढच्या रविवारी फुलं घेऊन गेले, तर काठीला टोक होतं. कोणीतरी वरचा भाग पुन्हा तासून त्रिकोण काढला होता. खालचा दगड राखाडी आणि तेवढंच टोक पांढरंशुभ्र. मी दगडाच्या मागे जाऊन पाहिलं. का गेले, सांगता येत नाही. ढाल मागून वाचायची, एवढंच डोक्यात होतं. मागे कोरा दगड होता.

घरी आले तर हाइनर दारातच उभा, हसत. हातांच्या बोटांना दगडाची भुकटी.

"बघितलंस? अगं, तो शहरातला शहाणा टोकच विसरला होता! मंडळाला सांगितलं तर पत्रव्यवहार करत बसले असते. म्हटलं, माझ्या सासऱ्याचं काम अर्धवट कसं राहू देऊ? आज पहाटेच पठ्ठ्याने छिन्नी घेतली आणि तीन तास बसलो." त्याने हात पुढे केला. अंगठ्याला पट्टी होती. "लागलं जरासं. पण नीट आलंय ना? खरं सांग, काही चूक नाही ना राहिली?"

आतून सासूबाई हाक मारत होत्या, सूप वाढलंय म्हणून. मुली टेबलाशी बसल्या होत्या. धाकटीच्या अंगात फुटबॉलचा सदरा होता, छातीवर भाला असलेला. हाइनर माझ्या तोंडाकडे बघत होता, शाबासकीची वाट पाहणाऱ्या माणसासारखा.

"नाही," मी म्हणाले. "एकही चूक नाही."